तिसरा हप्ता : एका थरारपटाच्या पटकथेचं प्रकरण

पार्श्वभूमी

2022 च्या पावसाळ्यात एक पटकथा माझ्याकडे वाचायला आली. मराठी थरारपट, 118 पानं, नायक लेखक. मी पटकथा सल्लागार म्हणून काम करते. म्हणजे लोकांनी लिहिलेलं वाचते, खोड्या काढते आणि त्याचे पैसे घेते. ओळख पटू नये म्हणून गावं बदलली आहेत, आकडेही बदलले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तसंच ठेवलं आहे.

पटकथाकार चाळिशीला टेकलेला, डोंबिवलीला राहणारा. दैनंदिन मालिकांचे संवाद लिहून घर चालवायचा. मालिकेचा हिशेब असा, की भाग दाखवला गेला की साधारण 90 दिवसांनी पैसे, तेही 10 टक्के टीडीएस कापून. मालिका अचानक गुंडाळली, की शेवटच्या भागांच्या पैशांसाठी महिनोन्‌महिने फोन करायचे. थरारपट त्याने रात्री अकरानंतर, तीन वर्षांत लिहिला होता. दिग्दर्शिकेचा हा दुसरा चित्रपट. निर्माते सांगलीकडचे, बांधकाम व्यवसायातले. सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांना कथा आवडली होती. विशेषतः शेवट.

त्या पहिल्या खर्ड्याची गोष्ट थोडक्यात अशी. एका कादंबरीकाराला दुसरी कादंबरी सुचत नाही. तो गुहागरजवळच्या मित्राच्या बंद घरात जाऊन राहतो. तो लिहितो तसे गावात खून पडू लागतात. शेवटी कळतं की गाव, खून, पोलीस, सगळं कादंबरीतच होतं.

अडचण

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं अंदाजे एक मिनिट. या पटकथेत पहिली घटना 41 व्या पानावर होती. तोवर नायक खिडकीतून पाऊस बघतो, चहा करतो, कागद चुरगाळतो, त्याचा निवेदनाचा आवाज चालू राहतो. लिहिणं पडद्यावर दाखवता येत नाही, ही या प्रकारातली जुनी पंचाईत आहे. बोटं, कीबोर्ड, भरलेला ॲशट्रे. चौथ्या वेळी प्रेक्षक मोबाइल काढतो.

वाचलेल्या सगळ्यांचं मत एकच होतं : मध्यंतरापर्यंत जरा ओढावं लागतं, पण शेवट भन्नाट. त्यामुळे सुरुवातीची कापाकापी केली की काम होईल, असं सगळे धरून चालले होते. मलाही पहिल्या वाचनात तसंच वाटलं आणि मी 15 पानांची कात्री सुचवणारं टिपण पाठवून मोकळी झाले. ते टिपण चुकीचं होतं. दुसऱ्या वाचनात मला एक साधा प्रश्न पडला : याला लिहिता येत नाही, तर याचं बिघडतं काय? घर फुकटचं. बायको नोकरी करते, तीही पडद्याबाहेर. प्रकाशक समजूतदार. कादंबरी झाली नाही तर एक कादंबरी होणार नाही, बस.

मी फोनवर विचारलं, "याच्या घरचं वीजबिल कोण भरतं?" पटकथाकार हसला. "ताई, थरारपट आहे तो. अर्थसंकल्प नाही."

धडपडणारा लेखक असा शब्द आपण सहज वापरतो, पण पटकथेत धडपड कुठेच नव्हती. होती ती हुरहुर. आणि हे एका अशा माणसाने लिहिलं होतं, ज्याला त्याच महिन्यात दोन मालिकांकडून पैसे यायचे होते आणि ज्याने मुलाच्या शाळेची फी मेहुण्याकडून घेऊन भरली होती. स्वतःची ही बाजू त्याने कथेत येऊच दिली नव्हती. थरारपटात ती शोभत नाही, असं त्याला वाटत होतं.

समोरचे पर्याय

पुण्यात तीन दिवसांची बैठक झाली. दादांचं म्हणणं, 20 पानं काढा आणि पहिल्या पाच मिनिटांत एक खून टाका. स्वस्त आणि लगेच होणारा उपाय. दिग्दर्शिकेला सगळी गोष्ट बायकोच्या नजरेतून सांगायची होती : नवरा कोकणात जाऊन काय करतोय, हे तिला कळत नाही. हा पर्याय मला आजही मोहात पाडतो. पण मग शेवटचा उलगडा आपोआप पडतो, आणि निर्माते तर उलगड्यासाठीच आले होते.

माझं म्हणणं एवढंच होतं की याला नोकरी द्या. निदान एखादं काम तरी द्या, ज्याचे पैसे त्याला हवे आहेत. कुठलं काम, ते मला सुचत नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर निघालं. पटकथाकार म्हणाला, "मी एकदा शब्दांकन केलंय." एका शिक्षणसंस्थेच्या चालकांचं आत्मचरित्र. ते बोलायचे, हा रेकॉर्ड करायचा आणि लिहून काढायचा. पुस्तकावर याचं नाव नाही. आतल्या पानावर 'शब्दांकन साहाय्य' असं बारीक अक्षरात, आडनावासकट चुकलेलं. पैसे तीन हप्त्यांत ठरले होते, दोन मिळाले. ही गोष्ट त्याने बायकोखेरीज कुणाला सांगितलेली नव्हती.

टपरीवर क्षणभर कुणी बोललं नाही. मग दिग्दर्शिका म्हणाली, "हाच पिक्चर आहे."

ठरलं काय आणि केलं काय

कोकणातलं घर गेलं. खून गेले. उलगडाही गेला, आणि त्याबरोबर दादांचा निम्मा उत्साह.

नव्या गोष्टीत नायक सदाशिव पेठेत एका वाड्यातल्या खोलीत राहतो. दिवाळी अंकांत कथा लिहितो, ज्यांचं मानधन कधी मनीऑर्डरइतकं, कधी नुसता अंक. त्याला एका सहकारी साखर कारखान्याच्या माजी अध्यक्षांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथाचं काम मिळतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला गौरवग्रंथ काय असतो हे सांगायला नको : जाड आर्ट पेपर, मंत्र्यांचे शुभेच्छा संदेश, कारखान्याच्या चिमणीचा फोटो आणि कुणीही न वाचणारी 300 पानं.

पटकथेला हात लावण्याआधी आम्ही नायकाचा महिन्याचा जमाखर्च मांडला. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कामाचा दिवस तोच. खोलीचं भाडं 6,500. खानावळ 3,200. आईची औषधं 1,800. वाण्याची उधारी वेगळी. गौरवग्रंथाचे 1,50,000, तीन हप्त्यांत : काम सुरू करताना 50, मजकूर हातात दिल्यावर 50, छापून आल्यावर 50. पहिले 50 हजार आईच्या मोतीबिंदूला आणि थकलेल्या भाड्याला 12 व्या पानापर्यंत संपतात. आता त्याला काही कळलं तरी उठून जाता येणार नाही, कारण उठायचं तर 50 हजार परत करावे लागतील. मग थरार बाहेरून आणावा लागत नाही. मागाहून मोटारी धावल्या नाहीत तरी चालतं.

त्याला कळतं काय, हा प्रश्न मात्र दोन महिने सुटेना. अध्यक्ष 75 वर्षांचे, म्हणजे जन्म 1948 चा, म्हणजे 1972 च्या दुष्काळात ते 24 वर्षांचे. त्या दुष्काळात राज्यात खडी फोडण्याची, नालाबंडिंगची (ओढ्यानाल्यांना बांध घालण्याची), पाझर तलावांची कामं निघाली आणि 1973 च्या उन्हाळ्यात त्यांवर सुमारे 50 लाख माणसं राबत होती. पुढे त्यातूनच रोजगार हमी कायदा झाला. नायकाच्या अध्यक्षांनी आयुष्याची सुरुवात अशाच एका खडीकेंद्रावर मुकादम म्हणून केली, आणि ते हे अभिमानाने सांगतात. सुकडी, म्हणजे दुष्काळात मिळायचा तो कोरडा पौष्टिक खाऊ, वाटली, स्वतः उपाशी राहिले, वगैरे. हजेरीपट, म्हणजे मस्टर, त्यांच्या हातात होता. मस्टरवर मजुरांचे अंगठे. अकरा नावांपुढे एकच अंगठा, म्हणजे अकरा जणांची मजुरी एकाच हाताने उचललेली.

हे कसं दिसावं? अंगठ्याचे ठसे ओळखायला तज्ज्ञ लागतो, आणि तज्ज्ञ आला की गोष्ट पोलिसांच्या हातात जाते. म्हणून अंगठ्यावर विळ्याने कापल्याची आडवी रेघ आली. शाईच्या ठशात पांढरी उमटलेली, अकराही ठशांत त्याच जागी. शाळकरी पोराला दिसेल. ही रेघ माझी कल्पना, असं मला अजून वाटतं. पटकथाकाराला ती त्याची वाटते. त्या खोलीत आम्ही तिघं होतो आणि कुणीही टिपणं घेत नव्हतं. ही बेफिकिरी पुढे महागात पडली.

मस्टर नायकाच्या हाती कसं लागतं, यावर आम्ही एकदा सपशेल तोंडावर पडलो. आधी ते तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात सापडत होतं. एका निवृत्त अव्वल कारकुनांना पटकथेतला तो प्रसंग वाचून दाखवला, तर ते चष्मा काढून म्हणाले, "बाई, एवढी वर्षं मस्टर कोण ठेवतं?" सरकारी कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते, कायम जपायचा तो फक्त अ वर्ग, बाकीचे मुदत संपली की नष्ट करतात. मग एक खर्डा असा झाला की कुणा कारकुनाने ते पुरावा म्हणून दडवून ठेवलं होतं. तो आम्हालाच खोटा वाटला. शेवटी ते फोटोंच्या ट्रंकेत आलं. जुन्या ट्रंकेच्या तळाशी कागद अंथरलेला असतो. अध्यक्षांच्या दिवंगत पत्नीने 50 वर्षांपूर्वी घरात पडलेले रद्दी कागद अंथरले. कुणी काही जपलं नव्हतं. नायक ग्रंथासाठी फोटो काढायला ट्रंक रिकामी करतो आणि तळ वाचतो.

साम्याचा प्रश्न

चौथ्या खर्ड्यावर दादांच्या वकिलांनी हरकत घेतली : बड्या नेत्याचं आत्मचरित्र लिहून देणारा भाडोत्री लेखक आणि त्याला सापडलेलं गुपित, हे एका परदेशी चित्रपटात येऊन गेलं आहे. खरंच आलं आहे. दोन आठवडे काम थांबलं.

यावर 1978 चा आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आजही आधाराला घेतात. कल्पनेवर, विषयावर कुणाचा हक्क नाही; हक्क असतो तो मांडणीवर. दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं ठामपणे वाटतं का, ही कसोटी. आम्ही दोन रकाने काढून प्रसंग समोरासमोर मांडले. भाडोत्री लेखक सोडला तर काही जुळलं नाही. साखर कारखाना, मस्टर, ट्रंक, हप्ते, काहीच नाही. एके ठिकाणी नायकाला आधीच्या लेखकाच्या नोंदी सापडत होत्या, तो प्रसंग जवळ जात होता. काढून टाकला. त्यामुळे चित्रपट सुधारलाच, कारण आता नायकाला इशारा द्यायला कुणी उरलं नाही.

शेवटाचा वाद

नायक मध्यंतराच्या सुमारास दुष्काळाचं प्रकरण साफसूफ करून लिहितो आणि दुसरा हप्ता घेतो. तिथे तो गुन्ह्यात भागीदार होतो. पुढचं काय?

दादांना पत्रकार परिषद हवी होती. "ताई, हिरोला शेवटी काहीतरी मिळालं पाहिजे की. लोक तिकीट काढून आलेत." पटकथाकाराला नायकाने तिसरा हप्ता घेऊन गप्प घरी जावं असं वाटत होतं. मला पटकथाकाराचा शेवट खरा वाटत होता आणि तो चालणार नाही हेही कळत होतं. भांडण महिनाभर चाललं, एकदा तर दादा हिशेब करून निघून गेले.

तोडगा दिग्दर्शिकेचा. नायक ग्रंथातला एक शब्दही बदलत नाही. फक्त शेवटच्या पानावरच्या ऋणनिर्देशात, छापखाना, मुखपृष्ठकार, मुद्रितशोधक यांच्या यादीत, ती अकरा नावं घालतो. अमृतमहोत्सवाच्या सभेत सूत्रसंचालक उत्साहाच्या भरात ऋणनिर्देश वाचून दाखवतो. मांडवात मागे बसलेली एक म्हातारी आपल्या नवऱ्याचं नाव ऐकून उठून उभी राहते. अध्यक्ष तिच्याकडे बघतात. चित्रपट संपतो. तिसरा हप्ता मिळाला की नाही, ते दाखवलेलं नाही.

गौरवग्रंथ कुणी वाचत नाही, मग ऋणनिर्देश कोण वाचून दाखवेल, हा आक्षेप मी तेव्हाही घेतला होता. आजही घेते. दिग्दर्शिका म्हणाली की सूत्रसंचालकाला माईक मिळाला की तो काहीही वाचतो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

करारनामा

आणि आता लाजिरवाणा भाग. हप्त्यांवर उभी असलेली पटकथा लिहिणाऱ्या माणसाने स्वतःचा करार वाचलाच नाही. सही करून टाकली होती, बैठकीच्या आधीच, पहिल्या खर्ड्यावर. 10 टक्के सहीला, 30 टक्के अंतिम खर्ड्यावर आणि उरलेले 60 टक्के प्रदर्शनाला. प्रदर्शन निर्मात्याच्या हातात असतं. चित्रपट डब्यात राहिला तर 60 टक्के डब्यात. 'अंतिम खर्डा' कशाला म्हणायचं, तेही लिहिलेलं नव्हतं. सहा खर्डे झाले.

कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या बाजूचं बरंच काही आहे. हक्क सोपवल्यापासून वर्षभरात ते वापरले नाहीत तर ते परत येतात, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. याच्या करारात वेगळं लिहिलं होतं. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला वाटा लेखकाला सोडून देता येत नाही, असं ठरलं. करारात तो सोडलेला होता. ते कलम टिकणारं नाही, हे दाखवून देण्यासाठी कोर्टात जावं लागलं असतं, आणि कोर्टात जाणाऱ्याला पुढचा चित्रपट मिळणं अवघड.

मी सुचवलं की पुन्हा बोलणी करा. दादा वाईट माणूस नव्हता. त्यालाही कुणीतरी छापील नमुना दिला होता. 60 पैकी 40 टक्के चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी द्यायचं ठरलं. बदल्यात पटकथाकाराने कथेचं श्रेय दिग्दर्शिकेबरोबर वाटून घेतलं. तिने ते मागितलं, आणि शेवट तिचा होता, हे खरं. पण शब्दांकनाची गोष्ट त्याची होती, त्याच्या आयुष्यातली. त्याच्याकडे दाखवायला काय होतं? स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये त्याने नोंदवला होता तो पहिला खर्डा, गुहागरचा. झालेल्या चित्रपटात त्यातलं एक वाक्य नव्हतं.

निष्पत्ती

चित्रीकरण 27 दिवसांत झालं. खडीकेंद्राचे प्रसंग एका बंद दगडखाणीत, मे महिन्यात. चित्रपट पहिल्या आठवड्यात बरा चालला. दुसऱ्या आठवड्यात शो सकाळचे झाले, मग गेले. नंतर ओटीटीवर लोकांनी पाहिला. थरार कमी आहे, अशी तक्रार पुष्कळांची. दुसरा हप्ता घेताना नायक नोटा मोजतो तेव्हा पोटात गोळा आला, असं सांगणारेही होते. ऋणनिर्देशाच्या शेवटावर मतं सरळ दोन गटांत पडली. मांडवातली म्हातारी उठली तेव्हा सांगलीच्या थिएटरात शिट्टी वाजली म्हणतात. दादांनी मला ते तीनदा सांगितलं.

पटकथाकाराला शेवटचे 20 टक्के प्रदर्शनानंतर सात महिन्यांनी मिळाले. रॉयल्टीबद्दल तो अजून विचारतो आहे.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या बाजूने पहिलं म्हणजे ते कात्रीचं टिपण. मी पटकथा दोनदा वाचल्याशिवाय मत द्यायला नको होतं. ते टिपण ग्राह्य धरून त्याने तीन आठवडे पानं कापली, आणि ती सगळीच पुढे फेकली गेली.

बैठकांची टिपणं रोज संध्याकाळी एका ईमेलमध्ये सगळ्यांना जायला हवी होती : आज काय ठरलं, कुणी काय सुचवलं. दहा मिनिटांचं काम. अंगठ्यावरच्या रेघेचा वाद गमतीचा आहे, श्रेयाचा नव्हता. आणि प्रत्येक मोठ्या बदलानंतर नवा खर्डा नोंदवायला हवा होता. नोंदणीची फी त्याच्या नायकाच्या एका आठवड्याच्या खानावळीइतकीही नसते.

करार नव्याने करायची योग्य वेळ टपरीवरचा दिवस होता. गोष्ट बदलली, लेखकाने स्वतःचं आयुष्य टेबलावर ठेवलं, तेव्हा त्याचं वजन सर्वांत जास्त होतं. आम्ही चौथ्या खर्ड्यापर्यंत थांबलो, वकिलांच्या हरकतीने दादा धास्तावले होते तेव्हा बोललो, आणि कमी मिळालं.

बायकोच्या नजरेचा पर्याय आम्ही फार लवकर सोडला, हेही मला आता वाटतं. नव्या गोष्टीत नायकाला बायकोच नाही. ती जमाखर्चात बसेना म्हणून काढली. हिशेब करायला तीच सर्वांत योग्य माणूस होती.

चित्रपट ओटीटीवर आल्यानंतर त्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयातून पटकथाकाराला फोन आला. चित्रपट पाहून नव्हे. तो त्यांनी पाहिलेलाही नसावा. आत्मचरित्राची दुसरी आवृत्ती काढायची होती, एक प्रकरण वाढवायचं होतं. त्याने विचारलं, आधीच्या तिसऱ्या हप्त्याचं काय? समोरून उत्तर आलं, "अकाउंटला विचारून सांगतो."